बिनतारी चाचांचं एका ओळीचं पान

बिनतारी चाचांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, गेला म्हातारा. चांगला बोलत होता, कंपनीच्या भंगारातून उचलून आणलेल्या कॉम्प्युटरबद्दल मोठ्या हौसेनं सांगत होता, आणि वाक्य अर्धं टाकून एकदम गप्प झाला. नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे, मान जराशी तिरकी. मी घाबरून दोनदा हाक मारली, तर हात वर करून त्यानं मलाच गप्प केलं. तेवढ्यात चाची चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बसा मास्तर. तीन मिनिटं जातील, मग बोलतील."

चाचांनी उभा जन्म जहाजांवर बिनतारी यंत्रापाशी काढला होता. समुद्रावरच्या सगळ्या बिनतारीवाल्यांचा एक नेम असायचा. तासातून दोनदा, तीन-तीन मिनिटं, कोणी काही पाठवायचं नाही, नुसतं ऐकायचं. का, तर कुठे कोणी बुडत असेल आणि त्याचं यंत्र मिणमिणतं बोलत असेल, तर ते बाकीच्यांच्या कलकलाटात दबून जाऊ नये. घड्याळाच्या तबकडीवर तेवढ्या फाका लाल रंगवलेल्या असायच्या. पुढे उपग्रह आले, जहाजावरची ती नोकरीच उठली, आणि चाचा अष्टमी गावातल्या घरी आले ते घड्याळ घेऊनच आले. रोह्याच्या पुलापलीकडच्या त्या घरातून समुद्र सोडा, धड खाडीही दिसत नाही. तिथे हा माणूस तासातून दोनदा बुडणाऱ्यांसाठी कान लावून बसायचा. चाची नेमक्या त्याच वेळी भांडी घासायला काढायच्या.

सुरुवातीला मला गंमत वाटली. मग वैताग यायला लागला. परतीची गाडी गाठायची असायची, आणि निघता निघता बरोब्बर लाल फाक यायची. पायात चपला घालून मी उंबऱ्यात उभा, आणि चाचा हात वर करून ऐकतायत. काय ऐकू यायचं? शेजारच्या कोंबड्या.

सवयी तरी किती सांगाव्यात. तुम्ही काही बोललात की ते आधी तुमचंच वाक्य तुम्हाला परत ऐकवायचे, मग उत्तर द्यायचे. निरोप बरोबर पोचला हे समोरच्याला कळवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मासळीवालीशीही तेच. ती म्हणणार बोंबील, हे म्हणणार बोंबील, ती वैतागून म्हणणार, "व्हय रे बाबा, बोंबीलच बोलले मी." फोन तर ते उचलू देतच नसत. माझ्या पेणच्या क्लासात फोन वाजायचा आणि दोन रिंगा होऊन बंद पडायचा. दोन म्हणजे मशीन चालू आहे, काळजी नको. तीन म्हणजे मशीन पडलं, या. आता मला कसली आलीय काळजी? मशीन त्यांचं, घर त्यांचं. पण तिसरी रिंग झाली की माझा रविवार गेला, हे तिथेच ठरायचं.

मी तेव्हा पेणला कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा सुमार असेल. आसपासच्या गावांतली पोरं टायपिंग शिकायला यायची, रोह्याच्या कंपन्यांत क्लार्कची जागा मिळेल या आशेवर. इंटरनेट मी स्वतः जेमतेम पाहिलं होतं. मुंबईचा नंबर फिरवायचा, मोडेम किंचाळणार, नशीब असेल तर जुळणार, एसटीडीचं मीटर पळणार. अशा दिवसांत हा लुंगी आणि बुशशर्टातला, काड्यांना दोरा बांधलेला चष्मा घातलेला म्हातारा माझ्या क्लासात येऊन विचारतो, घरात वेब सर्व्हर ठेवायचा तर सगळ्यात हलकी सिस्टिम कुठली?

मी विचारलं, "घरात?"

"घरात," चाचा म्हणाले. "बाहेर ठेवला तर घर कसं बोलंल?"

मला काही कळलं नाही, पण नवीन मशीन विकायची संधी दिसली. चांगलं रंगीत पडद्याचं मशीन दाखवलं. त्यांनी ते फिरून फिरून बघितलं आणि मान हलवली. म्हणाले, जहाज बुडायला लागलं की मोठा सेट पहिला मरतो, कारण त्याला मोठी वीज लागते. शेवटपर्यंत बोलतो तो बॅटरीवरचा छोटा. मला छोटा पाहिजे. मग कळलं की छोटा त्यांनी आधीच घेऊन ठेवलाय, एक जुनं तीन-शहाऐंशी मशीन, आणि तो मला बघायला जायचंय. पेणहून दिवा-रोहा पॅसेंजर पकडून रोह्याला. गाडी कासू स्टेशनात क्रॉसिंगला थांबली की थांबली, माणसं खाली उतरून विड्या ओढून परत चढायची. त्या गाडीत मी किती रविवार काढले याचा हिशोब मी ठेवला नाही, आणि ठेवला असता तर मलाच रडू आलं असतं.

हा सर्व्हर कोणासाठी, ते दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला कळलं. त्यांची एकुलती एक मुलगी, नफीसा, लग्न होऊन बहरीनला. तिथे एका दवाखान्याच्या ऑफिसात कामाला, टेबलावर कॉम्प्युटर. तिच्यासाठी एक पान लावायचं, रोज संध्याकाळी, तिकडे ऑफिस सुटायच्या वेळेला. पानावर एकच ओळ. ओळ पण कसली, तीन अक्षरं: क्यू आर यू. बिनतारीवाल्यांच्या भाषेत याचा अर्थ, माझ्याकडे तुझ्यासाठी काही नाही.

मी म्हणालो, चाचा, एवढा खटाटोप करून पोरीला सांगायचं काय, तर तुझ्यासाठी काही नाही? ते हसले. म्हणाले, समुद्रावर याहून चांगली बातमी नसते. कोणी आजारी नाय, कोणी मेला नाय, कुठे आग नाय. लहानपणापासून तिला ठाऊक आहे.

मग मी तिरमिरलोच. म्हटलं, त्यासाठी घरात सर्व्हर? रोज एक मेल टाका. नाहीतर मला देता तशा दोन रिंगा द्या तिला. चाचांनी माझं वाक्य मला परत ऐकवलं, "मेल टाका. रिंगा द्या." आणि उत्तर चाचींवर सोडलं. चाची कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सांगितलं.

नफीसा लहान असताना चाचांच्या जहाजाला आग लागली होती. तेव्हा मोहल्ल्यात एकाच घरी फोन. तिथे कंपनीचा फोन आला की जहाजाशी बोलणं होत नाय, दुवा करा. पोरगी त्या घरी खेळत होती, फोन तिच्यासमोर वाजला. आणि त्याच आठवड्यात चाचांचं पत्र आलं. मागच्या बंदरातून टाकलेलं, सगळं ठीक आहे, नफीसाला बाहुली घेतलीय. पोरगी पत्र घेऊन मोहल्लाभर नाचली, अब्बा ठीक आहेत, अब्बा ठीक आहेत. मोठी माणसं तोंड फिरवून उभी. कोण सांगणार तिला, की पत्र आगीच्या आधीचं आहे? मग कोणीतरी सांगितलंच. चाचा पुढे सुखरूप आले, हात भाजलेला होता तेवढाच. पण पोरीनं त्यानंतर बापाचं पत्र हातात घेतलं नाही. आणि फोन वाजला की आजही तिचे हातपाय गार पडतात. बहरीनला गेली तेव्हा रडत रडत सांगून गेली की मला फोन करू नका, मीच करीन. आणि करते तेव्हा घरात उचलायला उशीर झाला, की तिकडे तिची ही अवस्था.

चाचा एवढंच म्हणाले, "चिठ्ठी मेल्यावरपण पोचते, मास्तर. ती दार ठोठावील तेव्हा घरानं ओ द्यायला पाहिजे. तेव्हाच्या तेव्हा."

मी फ्लॉप्या काढल्या.

व्यवस्था अशी ठरली. संध्याकाळी मशीन मुंबईला फोन लावणार, जुळलं की त्याला त्या दिवसापुरता एक नंबर मिळणार, तो नंबर मेलनं नफीसाकडे जाणार, आणि तो नंबर टाकून ती थेट अष्टमीच्या घरातलं पान उघडणार. लाईन मेली तर दुसऱ्या दिवशी. तेवढं ती धरून चालायची, जहाजाचा रेडिओसुद्धा वादळात एखाद्या दिवशी लागत नसे. खरी अडचण होती विजेची. अष्टमीला लाईट जायची ती सांगून थोडीच जायची. वारा सुटला, गेली. पाऊस आला, गेली. काहीच झालं नाही, तरी गेली. बॅटरीवाला बॉक्स आणला होता, तो दमट हवेनं पहिल्याच पावसाळ्यात मेला. म्हणजे सिस्टिम अशी पाहिजे, की जुन्या मशीनला पेलेल, आणि लाईट जाऊन आली की कोणाला काही न विचारता उठून उभी राहील. घरात चाचा नसले आणि चाची एकट्या असल्या तरी.

आणि इथून माझे हाल सुरू झाले.

आधी क्लासात शिकवायचो ती खिडक्यांवाली सिस्टिम घातली. ती त्या मशीनला झेपलीच नाही, माउस हलवला की बाण पोचेपर्यंत चहा व्हायचा. मग डॉसवर चालणारा एक छोटा सर्व्हर मिळाला. तो झटकन उठायचा, एका माणसाला पान दाखवायचा, आणि दमून जो गोठायचा तो गोठायचाच. मग एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली. सगळं फुकट, सगळं आत. मला वाटलं सुटलो. मशीनला सीडी घालायची सोयच नव्हती, म्हणून फ्लॉप्यांची ही एवढी चवड करून नेली. एकेक फ्लॉपी घालत दिवस गेला. शेवटून दुसरी वाचली जाईना, तिला आतून बुरशी धरली होती. चाचींनी तेव्हापासून माझ्या सगळ्या फ्लॉप्या तांदळाच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. हसू नका, त्यानंतर एकही खराब झाली नाही.

चाचांची परीक्षा घ्यायची पद्धत साधी होती. सिस्टिम चालू झाली, पान दिसलं, मी खुर्चीला टेकलो, की ते उठून ओटीवर जाणार आणि मेन स्विच खाली ओढणार. सगळं घर अंधारात. आत चाचींचा मिक्सर बंद, वाटण अर्धवट. "परत ओढला काय मुडद्या?" अशी आतून हाक. मग स्विच वर, आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसणार. लिनक्स उठायला लागायची, आपली डिस्क कणाकणानं तपासायची, आणि मध्येच अडून बसायची. हे मला जमत नाही, कोणी जाणकार माणूस असेल तर त्यानं येऊन बघावं, असं इंग्रजीत सांगायची. चाचा म्हणायचे, जाणकार माणूस पेणला आहे. रिंगा तीन.

मी कधी कधी भांडायचो. म्हणायचो, हीच ठेवा, दहा वेळा लाईट गेली तर नऊ वेळा उठते. ते म्हणायचे, पोरगी नेमकी दहाव्या वेळी दार ठोठावील. पुढच्या रविवारी मी दुसरी आवृत्ती, तिच्या पुढच्या रविवारी तिसरी. युनिक्सच्या घराण्यातली आणखी एक, तिला डिस्क पुरली नाही. आमच्या घरी बायको विचारायची, रोह्याला काय आहे एवढं? काय सांगणार? एक म्हातारा आहे, त्याला सिस्टिम पसंत पडत नाही. मुलीसाठी स्थळं बघावीत तशी तो सिस्टिम बघतो, आणि मध्यस्थ मी.

पण एक सांगतो. कंटाळून सोडून द्यावं असं रोज वाटायचं, आणि सोडवायचं नाही. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. चाचा एकदा संध्याकाळी, मी चिडून फ्लॉप्या आवरत होतो तेव्हा, टेबलावर बोटानं टकटक करत होते. मला म्हणाले, बिनतारीवर अक्षरं सगळ्यांची तीच, पण प्रत्येकाचा हात वेगळा. कोण बोलतोय ते टकटकीवरून कळतं. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या बिनतारी स्टेशनातल्या एका माणसाचा हात ते वीस-पंचवीस वर्षं ओळखत होते, तोंड कधी पाहिलं नाही. एके दिवशी त्याच स्टेशनावरून दुसराच हात आला. त्यांनी विचारलं नाही. दोन दिवस जेवले नाहीत, असं चाचींनी मागाहून सांगितलं.

शेवटी ती मिळाली. एका फ्लॉपीवर मावणारी लिनक्स. अख्खी सिस्टिम, मोडेमचा फोन, चिमुकला सर्व्हर आणि ते तीन अक्षरांचं पान, सगळं एका फ्लॉपीत. मशीन चालू झालं की फ्लॉपी वाचून सगळं मेमरीत घेणार, डिस्कला हातच लावणार नाही. डिस्कच नाही तर बिघडणार काय? फ्लॉपीची खिडकी सरकवून ठेवली की तिच्यावर कोणी काही लिहूही शकत नाही. आठवडे खपून मी ती जुळवली. चाचांनी मेन स्विच ओढला, लावला, ओढला, लावला. चाचींनी शिव्या घालून घेतल्या. दर वेळी सिस्टिम उठली, मुकाट्यानं, कोणाला न विचारता. त्या संध्याकाळी तिनं आपलीआप फोन लावला आणि बहरीनहून पान उघडलं गेलं. चाचांनी माझे दोन्ही हात धरले. मला म्हणाले, "मास्तर, उठली." एवढंच. मी त्या दिवशी कासूच्या क्रॉसिंगला खाली उतरून इतरांबरोबर विडी ओढली, इतका खूश होतो.

दोनेक महिने फोनच्या दोन रिंगा. मी सुखात. आणि एक दिवस तीन.

झालं होतं असं, की दोघं म्हसळ्याला एका निकाहला गेली होती. तिथे चाचींना ताप चढला, फणफणून, बोलण्यात भ्रम, दवाखान्यात ठेवावं लागलं. चाचा तीन दिवस खाटेशेजारी. घराला कुलूप. परत आले, कुलूप उघडलं, तर मशीन मजेत चालू. मधे लाईट गेली होती, आली होती, मशीन उठलं होतं, आणि रोज संध्याकाळी नेमानं फोन लावून बहरीनला सांगितलं होतं, क्यू आर यू. घरात माणूस नाही, चाची तिकडे मरता मरता वाचतायत, आणि घर पोरीला सांगतंय, काही नाही, सगळं ठीक.

मी गेलो तेव्हा चाचा मशीनकडे पाठ करून बसले होते. मला वाटलं काय बिघडलं. काही बिघडलं नव्हतं. मी म्हणालो, अहो, हेच तर पाहिजे होतं ना तुम्हाला? तुमच्याशिवाय चालणारं?

"चालायचं होतं माझ्याशिवाय," चाचा म्हणाले. "बोलायचं नव्हतं. हे तर चिठ्ठीच झालं मास्तर. परत चिठ्ठीच झालं."

त्या दिवसाइतका मी कधी थकलो नसेन. एवढे रविवार घालून जे मशीन माणसावाचून बोलायला शिकवलं, त्याला आता माणसाची वाट बघायला शिकवायचं होतं. तसं केलं. उठायचं त्याचं त्यानं. पण संध्याकाळी फोन लावायच्या आधी त्यानं टूं करून थांबायचं. घरातल्या कोणी येऊन बटण दाबलं, तरच फोन. नाही दाबलं, तर त्या दिवशी पान नाही. दोन ओळींचं काम होतं. मी दातओठ खात केलं, जाताना बोललोही, की हे करायचं होतं तर पहिली कुठलीही चालली असती. चाचांनी सगळं वाक्य मला परत ऐकवलं आणि म्हणाले, नाय, चालली नसती. उठायला यंत्र भरवशाचं पाहिजे, तरच त्याच्या न बोलण्याला अर्थ.

नफीसाला त्यांनी सांगून ठेवलं, पान दिसलं म्हणजे तुझ्या घरात कोणीतरी आत्ता खुर्चीतून उठलंय. चाची सांगायच्या, त्यानंतर तिला रात्री नीट झोप यायला लागली. जावयानं कळवलं होतं तसं.

पुढचं वर्ष दोन रिंगांचं गेलं. मी जरा सैल झालो. रोह्याला जायचा तो सहज, चाचींच्या हातचं खायला. तोपर्यंत चाचांची छाती दुखायला लागली होती, जिना चढवत नसे, आणि टूं वाजलं की चाचीच पदराला हात पुसत येऊन बटण दाबायच्या. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं बाईला, पण बटण दाबताना बिस्मिल्ला म्हणायच्या.

आणि एक दिवस क्लासात फोन वाजला तो दोनवर थांबला नाही, तीनवरही नाही. उचलला. शेजारी बोलत होता. चाचा सकाळी गेले होते.

मी पोचलो तो दुसऱ्या दिवशी, दुपार कलल्यावर. दफन आदल्या दिवशीच झालेलं. बाहेरच्या खोलीत मशीनच्या टेबलाभोवती पुरुष बसलेले, सांत्वनाला आलेले, हळू आवाजात बोलणारे. चाची आतल्या खोलीत, पडद्यामागे. त्यांची इद्दत सुरू झाली होती, नवरा गेल्यावर बाईनं परक्या पुरुषासमोर यायचं नाही तो काळ. मी, ज्याला त्या हातानं वाढायच्या, तोही आता परका. पडद्याला उद्देशून चार शब्द बोललो, आतून हुंकार आला. शेजाऱ्यानं सांगितलं की नफीसाला फोन त्यानंच केला. तिला आठवा संपत आलेला, विमानात घ्यायला तयार नाहीत. फोनवर ती काही बोललीच नाही म्हणे, नुसता श्वास ऐकू येत होता, मग लाईन कट.

संध्याकाळ झाली आणि मशीन म्हणालं, टूं.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. कोणाला काय ते कळेना. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या घरातून काल मय्यत निघाली, तिथून आज पोरीला सांगायचं, तुझ्यासाठी काही नाही? मी उठलो, स्विचकडे हात नेला.

"मास्तर," पडद्यामागून आवाज आला, "बंद नका करू."

मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, चाची, आज राहू द्या. त्यावर काय लिहिलंय तुम्हाला ठाऊक आहे ना?

"ठाऊक हाय."

"मग मी दाबू का? तुम्ही नका त्रास घेऊ."

"तुमचा हात नको." चाची म्हणाल्या. "बाप गेला, ते तिला काल कळलं. आता माय हाय का तीपण गेली, हे बघत बसली असंल ती तिथं. फोनवर कोणी काय सांगितलं तर तिला खरं वाटायचं नाय. सगळ्यांना उठवा. मी येते."

मी सगळ्यांना उठवलं. एक म्हातारे मामू कुरकुरले, हे काय आता, पण उठले. आम्ही सगळे अंगणात जाऊन उभे राहिलो, कोणाच्या पायात चपला, कोणाच्या नाही. काहींना वाटलं नमाजची वेळ झाली. आत पडदा सरकला, पावलं वाजली, टेबलापाशी थांबली. मग मोडेम किंचाळायला लागला. तो आवाज मी हजारदा ऐकला असेन, दर वेळी कपाळाला आठी घालून. त्या दिवशी अंगणात माणसांसमोर रडलो, आणि कोणी काय म्हणेल याचं काही वाटलं नाही.

पावलं परत फिरली नाहीत. बराच वेळ त्या तिथेच उभ्या होत्या. मग पडदा सरकल्याचा आवाज आला, आणि आतून चाची म्हणाल्या, "झालं. बसा आत सगळे."

आम्ही वळलो तर परत हाक आली.

"मास्तर, उद्यापण ह्याच टायमाला उठवीन म्हणावं. सांगून ठेवा त्यांना."